लाइट सेन्सरचा कर्नेल ड्रायव्हर रिव्ह्यू कसा करायचा: आधी आकडा, मग कोड

आमच्या गल्लीतलं एक पोरगं, इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यानं शिरोळकडच्या एका पॉलीहाऊससाठी उजेड मोजायचा बोर्ड करायला घेतला होता. सेन्सर नवीन, लिनक्समध्ये त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कर्नेलला (सिस्टिमच्या गाभ्याला) त्या चिपशी बोलायला लावणारा कोड, नव्हता, म्हणून पठ्ठ्यानं स्वतःच लिहून काढला आणि एका रविवारी लॅपटॉप घेऊन घरी आला, "दादा, जरा नजर टाका की यावर." नजर टाकता टाकता तीन रविवार गेले. त्यात जे जे बघितलं आणि ज्या क्रमानं बघितलं ते इथं सगळं लिहून काढतोय, कारण ड्रायव्हर लिहायचा कसा यावर भरपूर सापडतं पण दुसऱ्याचा ड्रायव्हर वाचायचा कसा हे मराठीत कुणी सांगितलेलं मला तरी दिसलं नाही.

एक सोय म्हणून सांगतो, फंक्शनची नावं मी उच्चारतो तशी देवनागरीत लिहिलीत, कोडमध्ये ती अंडरस्कोर लावून लगेच सापडतील. लिनक्समध्ये हे सगळं इंडस्ट्रियल आयओ म्हणजे आयआयओ सबसिस्टममध्ये येतं, ड्रायव्हर्स फोल्डरमध्ये आयआयओ आणि त्याच्या आत लाइट. रिव्ह्यू करायच्या आधी तिथले दोनतीन ड्रायव्हर वाचून घ्या. रोहमच्या बीएच१७५० चा सगळ्यात सोपा, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ओपीटी३००१ चा जरा वरच्या पायरीचा. हे दोन नीट समजले की नवीन कोडमध्ये काय खटकतंय ते डोळ्याला आपोआप कळायला लागतं.

यंत्राला जे कळतं ते यंत्राकडून करून घ्या

पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलांची फाइल, लावा, बिल्ड करा आणि बिल्ड करताना जास्तीच्या वॉर्निंग चालू ठेवा, म्हणजे मेकला डब्ल्यू बरोबर १ द्या. स्पार्स, म्हणजे कोड न चालवता चुका शोधणारं टूल, चालवा, आणि कर्नेलची लिहायची शिस्त तपासणारी चेकपॅच स्क्रिप्ट स्ट्रिक्ट मोडमध्ये चालवा. स्पेस चुकली, ओळ लांब झाली, असल्या गोष्टींवर माणसाचे डोळे घालवू नका. अजून एक, ३२ बिट आर्मसाठी पण एकदा बिल्ड कराच. ६४ बिटच्या आकड्याला साधं भागाकाराचं चिन्ह वापरलं की आपल्या लॅपटॉपवर सगळं गोड चालतं आणि ३२ बिटवर लिंक करताना एरर येतो, कारण तो भागाकार करणारं लायब्ररी फंक्शन कर्नेलमध्ये नसतं. तिथं डिव्ह यू६४ किंवा डू डिव्ह वापरावं लागतं. हे पाच मिनिटांचं काम आहे पण आमच्या ड्रायव्हरमध्ये पहिली चूक इथंच सापडली.

कोड बंद, डेटाशीट उघडा

आता कोडची विंडो बंद करा. खरंच बंद करा. आधी कोड वाचला की लिहिणाऱ्याच्या डोक्यात जे आहे तेच आपल्या डोक्यात बसतं आणि मग डेटाशीट, म्हणजे कंपनीनं दिलेलं चिपचं माहितीपत्रक, वाचताना पण आपण त्याचंच बरोबर आहे असं धरून वाचतो. मी एक कोरा कागद घेतो आणि डेटाशीटमधनं एवढंच उतरवतो: पत्ता कोणता, पॉवर दिल्यावर किती वेळ थांबायचं, डेटा रजिस्टरमध्ये आधी कुठला बाइट येतो, इंटिग्रेशन टाइम (एका मोजणीत उजेड गोळा करायचा वेळ) किती किती ठेवता येतो, गेन (सिग्नल किती पट वाढवायचा) कुठले, काउंटवरून (चिपनं दिलेल्या कच्च्या आकड्यावरून) लक्स, म्हणजे उजेडाचं माप, काढायचं सूत्र काय, काउंट भरून गेला तर चिप काय करते, आणि इंटरप्ट पिन (चिप प्रोसेसरला हाक मारते ती) वर जाते का खाली येते.

उदाहरण म्हणून बीएच१७५० घ्या. पत्ता हेक्स २३ किंवा हेक्स ५सी, एका पिनवर ठरतं. डेटा १६ बिट, लक्स काढायला काउंटला १.२ नं भागायचं. हाय रिझोल्यूशनमध्ये मोजायला साधारण १२० मिलिसेकंद लागतात पण त्याच तक्त्यात शेजारच्या कॉलममध्ये जास्तीत जास्त १८० लिहिलंय. ड्रायव्हरनं थांबायचं ते १८० ला. 'साधारण' वाला आकडा घेऊन थांबणारे ड्रायव्हर टेबलावर चालतात आणि एखाद्या चिपवर, एखाद्या तापमानाला मधूनच जुनं रीडिंग देतात, आणि ती चूक शोधणं म्हणजे लई त्रास.

बाइटचा क्रम पण तिथंच बघा. या चिपमध्ये मोठा बाइट आधी येतो, आणि एसएमबसचं (चिपशी दोन तारांवरून बोलायच्या पद्धतीचं) वर्ड वाचायचं साधं फंक्शन छोटा बाइट आधी आला असं धरतं. म्हणून स्वॅप करून वाचणारं वेगळं फंक्शन आहे, ते वापरलंय का बघा. नाही वापरलं तर काय होतं? खरा काउंट ३००, म्हणजे २५० लक्स, साध्या खोलीतला उजेड. बाइट उलटे झाले की तोच काउंट ११२६५ होतो आणि लक्स ९३८७ च्या पुढं. काउंट ३०० चा ३०१ झाला तर वाचलेला आकडा एकदम २५६ नं उडी मारतो. उजेड हळू वाढवत नेताना आकडा असा ठेका धरून उड्या मारायला लागला की बाइट उलटे आहेत हे डोळे झाकून ओळखा.

बाहेरून आत या: कुठल्या फाइल दिसतात

आता कोड उघडायचा, पण पहिल्या ओळीपासून नाही. आधी चॅनेल स्पेक बघा, म्हणजे हा ड्रायव्हर वापरणाऱ्याला सिसएफएसमध्ये (कर्नेल डिव्हाइसची माहिती फाइलसारखी दाखवतो ती जागा) कुठल्या फाइल दाखवणार आहे ते. माझ्या मते रिव्ह्यूमधली सगळ्यात महत्त्वाची जागा हीच. आत कोड कसा लिहिलाय ते उद्या बदलता येतं, पण बाहेर दिसलेली फाइल आणि तिच्यातल्या आकड्याचा अर्थ एकदा लोकांनी वापरायला घेतला की बदलता येत नाही, कर्नेलचा तो शब्दच आहे, वापरणाऱ्याचं चालू असलेलं मोडायचं नाही. म्हणून हा आकडा म्हणजे नक्की काय, हे पहिल्याच व्हर्जनला पक्कं व्हायला पाहिजे.

लाइट सेन्सरसाठी नियम साधा आहे. चॅनेलचा प्रकार लाइट असेल तर तो इल्युमिनन्स, आणि त्याचं अंतिम युनिट लक्स. रॉ, म्हणजे कच्च्या काउंटची, फाइल दिली असेल तर रॉ मध्ये ऑफसेट असेल तो मिळवायचा, स्केलनं गुणायचं आणि उत्तर लक्समध्येच यायला पाहिजे. बीएच१७५० ला १.२ नं भागायचं म्हणजे स्केल ०.८३३३३३, कोडमध्ये पूर्णांक शून्य आणि मायक्रो ८३३३३३. फोटोडायोडचा नुसता कच्चा काउंट, ज्यात डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड पण धरलाय, तो लक्स नाही. तो इंटेन्सिटी प्रकारात जातो, त्याला युनिट नसतं. आमच्या पोरानं दोन्ही डायोड लाइट म्हणून दिले होते. मी विचारलं, इन्फ्रारेडचे लक्स म्हणजे काय रे? तो गप्प बसला, मग स्वतःच म्हणाला की व्हय, लक्स तर डोळ्याच्या हिशोबानं असतं. हे त्याला स्वतःला सुचलं याचा मला जास्त आनंद झाला.

रॉ द्यायचं का प्रोसेस्ड, हे कसं ठरवायचं? काउंट आणि लक्स यांचं नातं सरळ रेषेतलं असेल तर रॉ आणि स्केल द्या, बाकी हिशोब वापरणारा करेल. सरळ रेषेतलं नसेल तर प्रोसेस्ड, म्हणजे ड्रायव्हरनंच काढलेले तयार लक्स. ओपीटी३००१ मध्ये १६ बिटातले वरचे ४ बिट घात आणि खालचे १२ बिट आकडा, लक्स म्हणजे ०.०१ गुणिले २ चा तो घात गुणिले आकडा, जास्तीत जास्त ८३८६५.६ लक्स. असलं गणित एका स्केलमध्ये बसत नाही, म्हणून तिथं प्रोसेस्ड बरोबर. एकाच चॅनेलला दोन्ही दिलं असेल तर कारण विचारा, बहुतेक वेळा कारण नसतं.

इंटिग्रेशन टाइमची फाइल सेकंदात असते. मिलिसेकंदात नाही, मायक्रोसेकंदात नाही, १०० मिलिसेकंद म्हणजे फाइलमध्ये ०.१ दिसलं पाहिजे. ही चूक नवख्यांचीच असते असं नाही, गेन, टाइम आणि स्केलचा हिशोब सांभाळणारा जो जीटीएस हेल्पर २०२३ साली कर्नेल ६.४ ला आला त्यात पण हे युनिट सुरुवातीला चुकलं होतं आणि मग दुरुस्त केलं गेलं. तेव्हा कुणाचाही कोड असो, फाइल कॅट कमांडनं छापून डोळ्यानं बघा.

माझी सगळ्यात आवडती टेस्ट

गेन आणि इंटिग्रेशन टाइम बदलला की काउंट बदलतो. टाइम दुप्पट, काउंट दुप्पट. मग स्केल निम्मं व्हायला पाहिजे, नाहीतर खोलीतला उजेड तोच आणि लक्स मात्र दुप्पट. ऐकायला साधं वाटतं पण ज्या ड्रायव्हरमध्ये दोन्ही सेटिंग बदलता येतात त्यात हीच चूक सारखी सापडते, कारण लिहिणारा टाइमचं कोड एका दिवशी लिहितो, स्केलचं दुसऱ्या दिवशी, आणि दोन्ही एकमेकांना ओळखत नाहीत.

टेस्ट अशी. रात्री खिडकी बंद करून एक एलईडी दिवा लावा, बॅटरीवरचा असेल तर उत्तम, सेन्सर त्याच्या समोर ठेवा आणि हलवू नका. आता उपलब्ध असलेले सगळे इंटिग्रेशन टाइम आणि सगळे गेन एकामागून एक लावा, दर वेळी रॉ गुणिले स्केल काढा. सगळी उत्तरं जवळजवळ सारखी आली पाहिजेत, काउंट भरून गेलेली जोडी सोडली तर. आमच्याकडं ५० मिलिसेकंदाला एक, १०० ला त्याच्या दुप्पट, २०० ला चौपट, असं आलं. स्केल फाइलमध्ये कायमचा एकच आकडा लिहून ठेवला होता. पॉलीहाऊसच्या मालकानं त्यावर शेडनेट उघडायची-मिटायची मोटर लावली असती तर फुलांची वाट लागली असती.

दिवा बॅटरीवरचा का म्हणतोय ते पण सांगायला पाहिजे. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, आणि प्रत्येक सायकलमध्ये दिवा दोनदा उजळतो, म्हणजे साध्या ट्यूब किंवा स्वस्त बल्बचा उजेड सेकंदाला १०० वेळा वरखाली होतो. डोळ्याला दिसत नाही, सेन्सरला दिसतं. इंटिग्रेशन टाइम १० मिलिसेकंदाच्या पटीत असेल तर प्रत्येक मोजणीत पूर्ण लाटा येतात आणि रीडिंग स्थिर राहतं. २५ मिलिसेकंद ठेवलं तर अडीच लाटा, मग रीडिंग नाचतं. १०० मिलिसेकंद घेतलं तर ५० हर्ट्झला १० आणि ६० हर्ट्झच्या देशात १२ लाटा पूर्ण होतात, म्हणून डिफॉल्ट म्हणून ते उत्तम. उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये जुन्या चोकच्या ट्यूबखाली आम्ही हे मुद्दाम बघितलं, २५ ला आकडा थांबतच नव्हता आणि १०० ला गुपचूप उभा राहिला. तेव्हा रीडिंग नाचतंय म्हणून ड्रायव्हरमध्ये सरासरीचा कोड कुणी घातला असेल तर आधी डिफॉल्ट टाइम विचारा. सरासरी काढायचं काम ड्रायव्हरचं नाही.

टाइम बदलल्यावर येणारं पहिलं रीडिंग जुन्या आणि नव्या सेटिंगची मिसळ असू शकतं, ते टाकून दिलंय का, किंवा चिपला मोजणी नव्यानं सुरू करायला सांगितलंय का, हे डेटाशीटबरोबर ताडून बघा.

गणित: अंधार, भर दुपार आणि मावळतीचं ऊन

उजेडाची रेंज किती मोठी असते ते आधी मनात आणा. पौर्णिमेचं चांदणं एका लक्सपेक्षा कमी, ऑफिसमध्ये तीनपाचशे, आणि मे महिन्यात शिरोळच्या रानात भर दुपारी लाखाच्या आसपास. गगनबावड्याला आषाढात ढग उतरले की भर दिवसा पण यातला छोटा हिस्साच उरतो. एकच ड्रायव्हर हे सगळं बघणार, म्हणून गणित दोन्ही टोकांना तपासायचं.

वरचं टोक: काउंट ६५५३५, त्याला एक लाखानं गुणलं की साडेसहाशे कोटींच्या वर जातं, आणि ३२ बिटमध्ये जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ मावतात. म्हणजे सगळ्यात कडक उन्हात लक्स एकदम कमी दिसणार. प्रत्येक गुणाकाराशेजारी पेन्सिलनं मोठ्यात मोठा आकडा लिहून बघा, याला दुसरा उपाय नाही. ६४ बिट करताना पण आधी गुणून मग ६४ बिटमध्ये ठेवलंय का आधी कास्ट केलंय हे बघा, पहिल्यात फायदा शून्य. कर्नेलमध्ये फ्लोट वापरत नाहीत, त्यामुळं भागाकार आधी झाला की दशांश गेलेच, गुणाकार आधी पाहिजे.

खालचं टोक: दोन डायोडच्या चिपमध्ये, टीएसएल२५६१ सारख्या, लक्स काढायला इन्फ्रारेडचा काउंट भागिले एकूण काउंट असं गुणोत्तर घेतात. पूर्ण अंधारात एकूण काउंट शून्य. शून्यानं भागलं की काही प्रोसेसरवर कर्नेल जागेवर कोसळतो, आणि हे करायला हॅकर लागत नाही, रात्र झाली की पुरे. सेन्सरवर काळी टेप लावा, वर पत्र्याचा डबा पालथा घाला आणि फाइल वाचा. मी ही टेस्ट कधीच सोडत नाही.

आणि तिसरी जागा, जी पटकन सुचत नाही. दोन डायोडच्या सूत्रात एकातून दुसरं वजा असतं. आपल्या अंबाबाईच्या किरणोत्सवाचं चित्र डोळ्यासमोर आणा, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात आणि पायापासून वर चढत जातात. सगळं काही मिनिटांत. तो उजेड तांबूस, त्यात दुपारच्या मानानं इन्फ्रारेडचा वाटा जास्त. असल्या उजेडात, किंवा जुन्या पिवळ्या बल्बखाली, वजाबाकीचं उत्तर ऋण होऊ शकतं. व्हेरिएबल अनसाइन्ड, म्हणजे ऋण आकडा न ठेवणारं, असेल तर ऋण आकडा ४०० कोटींच्या घरात जातो. संध्याकाळी सूर्य टेकायला आला की सेन्सर म्हणणार सगळ्यात जास्त उजेड आत्ताच आहे. वजाबाकी दिसली की दोन्ही बाजूंचा प्रकार बघा, आणि ऋण आलं तर शून्य करतात का तेही बघा.

काउंट भरून गेला असेल तर काय सांगायचं, हे ड्रायव्हरनं ठरवलेलं असावं. तोच आकडा खरा म्हणून देणं मला पटत नाही.

तार काढली तर?

आयटूसी, म्हणजे चिपशी बोलायच्या दोन तारा, त्यावरून वाचायचं फंक्शन चुकलं तर ऋण आकडा देतं. तो आकडा तपासायच्या आधीच १६ बिट अनसाइन्डमध्ये भरला तर? उणे ५, म्हणजे इनपुट आउटपुट एरर, ६५५३१ होतो आणि १.२ नं भागून ५४,६०९ लक्स. सेन्सरची तार निघालीय आणि बोर्ड सांगतोय कडक ऊन पडलंय. म्हणून चालू सिस्टिममध्ये एसडीएची (डेटाची) तार हळूच काढून फाइल वाचा, एरर आलाच पाहिजे. आणि कोडमध्ये प्रत्येक वाचणं-लिहिणं करणाऱ्या ओळीखाली रिटर्न तपासलाय का ते बोट ठेवून बघत जा. मूळ एरर कोड टाकून देऊन सगळीकडं एकच ठोकळा एरर परत दिला असेल तर तेही बदलायला सांगा, खरं कारण त्यातच असतं.

रेगमॅप, म्हणजे रजिस्टर वाचायचा-लिहायचा कर्नेलचा तयार कोड, वापरला असेल आणि कॅश चालू असेल तर डेटा आणि स्टेटस रजिस्टर व्होलाटाइल (दर वेळी चिपमधनंच वाचायची) म्हणून सांगितलीत का? नसतील तर पहिलं रीडिंग येतं आणि मग टॉर्च मारा नाहीतर अंधार करा, आकडा तोच.

प्रोब आणि रिमूव्ह: कोण आधी निघतं

इथं जरा हळू वाचा. प्रोब म्हणजे ड्रायव्हर चिपला जोडला जाताना चालणारं फंक्शन, रिमूव्ह म्हणजे सुटताना चालणारं. डेव्हएम नावाची फंक्शनं आपलं काम आपणच आवरतात, पण रिमूव्ह फंक्शन संपल्यावर, आणि उलट्या क्रमानं. आमच्या पोरानं डिव्हाइस रजिस्टर डेव्हएमनं केलं होतं आणि चिपची पॉवर बंद करणं रिमूव्हमध्ये हातानं. म्हणजे आधी पॉवर जाते, आणि फाइल मात्र अजून उघड्या, तेवढ्यात कुणी वाचलं तर बंद चिपशी बोलणं सुरू. दुकानाचं शटर उघडंच ठेवून आधी आतला माल हलवल्यासारखं आहे ते. उपाय: पॉवर बंद करायचं काम डेव्हएम ॲड ॲक्शन ऑर रीसेटनं लावायचं, ते पॉवर चालू केल्या केल्या, आणि रजिस्टर सगळ्यात शेवटी. एकदा डेव्हएमची साखळी धरली की मध्ये हातानं आवरायची कडी घालायची नाही. त्याच्या ड्रायव्हरमधनं रिमूव्ह फंक्शनच निघून गेलं, कोड पण कमी झाला.

टेस्ट: एका टर्मिनलमध्ये लूप लावून रॉ फाइल वाचत राहा, दुसऱ्यातून ड्रायव्हर अनबाइंड-बाइंड करत राहा, डीमेसेजवर, म्हणजे कर्नेलच्या लॉगवर, लक्ष ठेवा.

प्रोबमध्ये अजून तीनच गोष्टी. रेग्युलेटर (चिपला वीज देणारा भाग) चालू केल्यावर डेटाशीटमधला वेळ थांबलेत का. एरर छापायला डेव्ह एर प्रोब वापरलंय का, कारण रेग्युलेटर अजून तयार नसेल तर तो एरर नसतो, नंतर ये एवढंच असतं, आणि साध्या प्रिंटनं लॉग उगाच भरतो. आणि चिप आयडी जुळला नाही तर प्रोब सोडून देतात का. सोडू नये, लॉगमध्ये लिहून पुढं जावं, कारण उद्या कंपनी तीच चिप नव्या आयडीनं काढते आणि डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डवर काय कुठं जोडलंय ते सांगणारी फाइल) जुनं नाव फॉलबॅक म्हणून दिलेलं असतं. आयडी वाचायलाच जमलं नाही तर मात्र एरर.

इंटरप्ट आणि झोप

इंटरप्टची तार बोर्डवर जोडलेली असेलच असं नाही, आमच्या बोर्डवर नव्हतीच आणि ड्रायव्हर प्रोबमध्येच बंद पडत होता. तार नसेल तर इव्हेंट (चिपनं आपणहून दिलेल्या सूचना) नाहीत, वाचणं चालू, असं पाहिजे. इंटरप्ट वरच्या कडेवर का खालच्या, हे ड्रायव्हरमध्ये ठोकून लिहू नये, ते डिव्हाइस ट्री सांगतं, मध्ये इन्व्हर्टर असलेला बोर्ड पण असतो. थ्रेडेड हँडलरला वनशॉट फ्लॅग (हँडलर संपेपर्यंत तो इंटरप्ट बंद ठेवणारा) बघा. स्टेटस वाचून हा इंटरप्ट आपला नाही असं कळलं तर आयआरक्यू नन परत द्यायचं. आणि लाइन लेव्हलची असेल आणि स्टेटस साफ केलं नाही तर हँडलर परत परत पळत राहतो, बोर्ड गरम होतो आणि बाकी कामं अडतात.

पॉवर मॅनेजमेंटमध्ये दोन जागा. पीएम रनटाइम गेट सिंक चुकलं तरी मोजणी एकनं वाढवून ठेवतं, परत कमी केली नाही तर चिप परत कधी झोपतच नाही, म्हणून रिझ्यूम अँड गेट वापरायला सांगा. दुसरी जागा जास्त महत्त्वाची: थ्रेशोल्ड इव्हेंट (उजेड ठरवलेल्या मर्यादेपलीकडं गेला की कळवणारा) चालू केलाय आणि दोन सेकंदांनी ऑटोसस्पेंडनं चिप झोपली, आता झोपलेली चिप इंटरप्ट देणार कशी? इव्हेंट चालू असेपर्यंत चिप जागी ठेवायची जबाबदारी ड्रायव्हरची. फाइल वाचली की चिप उठते आणि सगळं ठीक दिसतं, त्यामुळं हे टेस्टमध्ये सापडत नाही, कोड वाचूनच सापडतं.

लॉकचं थोडक्यात: टाइम बदलणं, स्केल वाचणं आणि मोजणी, या तिन्हींच्या मध्ये दुसरं कुणी घुसू शकतं का एवढा एकच प्रश्न विचारत जा.

बफरमधली भोकं

ट्रिगर्ड बफर, म्हणजे ठरावीक वेळी सगळ्या चॅनेलची रीडिंग एकत्र देणारी सोय, दिला असेल तर स्ट्रक्चर बघा. दोन चॅनेल प्रत्येकी २ बाइट, मग टाइमस्टॅम्प ८ बाइटच्या सीमेवर. मध्ये ४ बाइटचं भोक राहतं. स्ट्रक्चर स्टॅकवर घेतलं आणि शून्यानं भरलं नाही तर त्या भोकात कर्नेलच्या स्टॅकवरचं जे काही पडलं असेल ते बाहेर वापरणाऱ्याला दिसतं. लाइट सेन्सरमधनं माहिती गळते म्हटल्यावर कुणाला पटत नाही, पण आयआयओमधल्या बऱ्याच जुन्या ड्रायव्हरमध्ये हे सापडून दुरुस्त झालंय. आधी पूर्ण स्ट्रक्चर शून्य करा, मग भरा.

बाइंडिंग

बाइंडिंग म्हणजे डिव्हाइस ट्रीमध्ये ही चिप कशी लिहायची ते सांगणारी फाइल. याचा पॅच वेगळा आणि ड्रायव्हरच्या आधी. त्यात हार्डवेअर सांगायचं, ड्रायव्हर काय करतो ते नाही, म्हणून डिफॉल्ट इंटिग्रेशन टाइमसारखी गोष्ट तिथं दिसली की काढायला सांगा. कंपॅटिबल नावात एक्स घालून चारपाच चिप एकत्र करायच्या नाहीत. सप्लाय लिहिलाय का, इंटरप्ट ऐच्छिक आहे का, डीटी बाइंडिंग चेक पास होतंय का. झालं.

मग लिहायचं कसं

हे सगळं सापडल्यावर सांगायचं कसं हा पण रिव्ह्यूचाच भाग आहे. मी प्रत्येक मुद्द्यात डेटाशीटचं पान किंवा टेस्टचा आकडा देतो, 'हे चूक आहे' एवढंच लिहिलं की समोरचा नुसतं बदलून टाकतो, का ते कळत नाही. बदलायलाच पाहिजे आणि बदललं तर बरं, हे दोन वेगळे सांगतो. मोठे मुद्दे पहिल्याच फेरीत सगळे देतो, नाहीतर पोरगं दर रविवारी नवीन व्हर्जन घेऊन येतं आणि आपण दर वेळी नवीन काहीतरी काढतो, त्यात माणूस खचतो. चांगलं काय केलंय तेही लिहितो, त्याच्या ड्रायव्हरमध्ये रजिस्टरच्या बिटांना नावं लई सुंदर दिली होती, फील्ड गेट आणि फील्ड प्रेपनं सगळं स्वच्छ. आणि रिव्ह्यूड बायची ओळ तेव्हाच देतो जेव्हा सगळा पॅच वाचलाय. फक्त चालवून बघितला असेल तर टेस्टेड बाय, दोन्हीचा अर्थ वेगळा आहे.

तिसऱ्या रविवारी तो व्हर्जन तीन घेऊन आला. टेपची टेस्ट पास, तारेची पास, ५०, १०० आणि २०० ला लक्स जवळजवळ सारखे. मग पॉलीहाऊसमध्ये बोर्डवर पांढरा प्लॅस्टिकचा डोम बसवला तर आकडा खाली आला, कारण डोम थोडा उजेड खातो, आणि तो म्हणाला स्केलमध्येच तेवढं वाढवून टाकू का. नको म्हणलं. स्केल चिपचं आहे, डोम या बोर्डचा आहे. त्याच्यासाठी कॅलिबस्केल नावाची वेगळी फाइल आयआयओमध्ये आहेच, ती पुढच्या पॅचमध्ये वेगळी आण, डोम लावून आणि काढून घेतलेली दोन्ही रीडिंग त्या पॅचच्या वर्णनात लिही.